तुझ्यासाठी आम्ही काय नाही केले!



मे महिना लागला की मिस्सेनंतर चर्चच्या आवारात दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. बारावीच्या मुलाला पहिला प्रश्न, "किती पडले?" त्याने आकडा सांगितला न सांगितला तोच दुसरा, "मग आता कशाला घालणार?" हा दुसरा प्रश्न मुलासाठी नसतोच. तो त्याच्या डोक्यावरून त्याच्या वडिलांना विचारलेला असतो. मूल मध्ये उभे असते आणि बोलणी मोठ्यांची चालतात. आम्हीही वर्षानुवर्षे असेच विचारत आलो आहोत, तेव्हा कोणावर बोट ठेवण्यासाठी हे लिहीत नाही.

आम्ही म्हणजे या पानांची जुळवाजुळव करणारे चौघे-पाच जण. सगळेच पालक. कोणाची मुले शिकून नोकरीला लागली, कोणाची अजून कॉलेजात आहेत, एकाची मुलगी यंदाच बारावी झाली. या विषयावर आमच्यात गेले काही आठवडे बोलणे चालले आहे आणि सगळ्यांचे सगळे पटलेले नाही. तरीही जे पटले ते आपल्यापुढे ठेवावे असे ठरले.

निमित्त झाले ते आपल्याच धर्मग्रामातील एका घरात घडलेल्या गोष्टीचे. वडिलांनी आणि मुलाने, दोघांनीही लिहायला परवानगी दिली आहे. नावे अर्थातच देत नाही.

वडील तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत फिटर. मुलगा शाळेत हुशार, बारावीलाही बरे गुण. इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. फी भरण्यासाठी वडिलांनी पीएफमधून पैसे काढले, आईच्या बांगड्या गहाण ठेवल्या, उरलेल्यासाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज घेतले. मुलाला पहिल्या सत्रात चार केट्या लागल्या. घरी त्याने एकच सांगितली. दुसऱ्या सत्रात आणखी लागल्या. मग जुलैत नवे वर्ष सुरू झाले आणि त्याचे वर्गात जाणे बंद झाले. घरातून निघणे मात्र बंद झाले नाही. सकाळी पावणेआठला डबा घेऊन तो निघायचा, शेअर रिक्षाने मानसरोवर स्टेशनला जायचा आणि दिवसभर कुठे कुठे बसून काढायचा. पावसाळा होता तोवर पनवेल स्टेशनच्या फलाटावर, नंतर खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये. संध्याकाळी साडेपाचला घरी. असे नाताळापर्यंत चालले. शेवटी वडील फीचा उरलेला हप्ता भरायला स्वतः कॉलेजात गेले, तेव्हा खिडकीवरच्या माणसाने हजेरीचा कागद पुढे केला.

वडिलांनी त्याला मारले नाही. एवढेच विचारले, "मला सांगितले का नाहीस?" मुलाचे उत्तर आम्ही त्यांच्याच शब्दांत देतो : "तुम्ही पीएफ काढला, आईने बांगड्या दिल्या, हे मी रोज जेवताना ऐकत होतो. कोणत्या तोंडाने सांगू?"

वडील म्हणाले, "मी त्याला धीर यावा म्हणून सांगत होतो. त्याने अभ्यास करावा म्हणून. मला काय माहीत, तो ते कर्जासारखे ऐकत होता."

या 'कर्जासारखे' शब्दाने आम्हाला विचारात पाडले. आईबापाने मुलासाठी जे केले ते कर्ज असते काय? आणि नसेल, तर मूल त्याचे काय लागते?

आपल्या वस्तीत हा प्रश्न पुस्तकी नाही. सिडकोची स्थापना १९७० साली झाली, पुढे इथल्या गावांच्या शेतजमिनींवर नोड उभे राहिले आणि कळंबोली-रोडपालीत आपण जागोजागहून येऊन राहिलो. कोणी नगरहून (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येते), कोणी जालन्याकडून, कोणी वसईहून, कोणी गोव्याहून. लोखंड बाजारात, ट्रान्सपोर्टमध्ये, तळोज्याच्या कारखान्यांत, दवाखान्यांतल्या पाळ्यांत आपली उमेदीची वर्षे गेली. आपल्यापैकी बऱ्याच घरांत पदवीला जाणारे हे पहिलेच मूल. त्याच्या मागे नुसती फी नसते. गावचे घर सोडल्याचे दुःख असते, आपले स्वतःचे शिक्षण सुटल्याची बोच असते. ते सगळे आपण त्याच्या दप्तरात भरतो.

आणि नेमके त्याच वेळी त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असते. शाळेत घंटा होती, डायरी होती, गैरहजर राहिले तर बाई घरी फोन करीत. अकरावी-बारावीची दोन वर्षे क्लासच्या धावपळीत गेली, कॉलेज असे त्यातल्या पुष्कळांनी पाहिलेलेच नाही. पदवीच्या वर्गात मात्र शिकवणारा येतो, शिकवतो, निघून जातो. मराठी माध्यमातून आलेल्याला पहिले काही महिने इंग्रजी व्याख्यानातले निम्मे कळत नाही, आणि कळत नाही असे सांगायची लाज वाटते. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, पण नियम पाळला नाही याचा पत्ता घरी फार उशिरा लागतो. शाळेत पहिल्या पाचांत असणारा मुलगा इथे साठांतला एक होतो. ही पहिली आपटी बहुतेकांना बसते. ती बसल्यावर तो घरी येऊन सांगू शकतो की नाही, यावर पुढचे बरेचसे ठरते.

मोहनदास गांधी १८८७ साली मॅट्रिक झाले आणि १८८८ च्या जानेवारीत भावनगरच्या शामळदास कॉलेजात दाखल झाले. तिथे काय शिकवतात हे त्यांना समजेना. दोष शिकवणाऱ्यांचा नव्हता, आपणच कच्चे होतो, असे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. एक सत्र संपले आणि ते घरी परत आले. घरात वडील नव्हते, पैशाची ओढ होती, दिवाणाच्या घराण्याची अब्रू होती. तरी मुलगा 'मला जमत नाही' असे सांगू शकला, म्हणून पुढचा विचार होऊ शकला. पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. पण त्या कथेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपण नंतर येऊ.

आधी कर्जाचे पाहू. बँकेच्या कर्जाचे एक बरे असते. रक्कम कागदावर असते. व्याजाचा दर असतो. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर काही काळ हप्ता मागत नाहीत. मग हप्ते सुरू होतात, आणि एक दिवस शेवटचा हप्ता जातो. बँक 'आता काही देणे नाही' असा दाखला देते. तो दाखला हातात घेतल्यावर माणूस मोकळा होतो. आईबापाच्या त्यागाचे कर्ज केले, तर त्याला ना रक्कम, ना हप्ता, ना मुदत. मुलाने पहिला पगार आणून दिला तरी ते फिटत नाही. नोकरी पसंतीची केली नाही, लग्न पसंतीचे केले नाही, सुट्टीत घरी आला नाही की वही पुन्हा उघडते. असा दाखला कोणत्याही घरात कोणाला मिळालेला आम्ही पाहिला नाही.

आणि देणेकरी सावकाराशी कसा वागतो हे आपल्याला गावाकडून ठाऊक आहे. तो रस्ता बदलतो. समोरून येताना दिसला की दुकानात शिरतो. गाठ पडलीच तर 'सगळे ठीक आहे' म्हणतो. फिटरचा मुलगा सहा महिने जे करीत होता ते दुसरे काय होते? तो आळशी नव्हता. रोज पावणेआठला निघायला आळशी माणसाला जमत नाही. तो वडिलांना टाळत होता, एकाच घरात राहून, एकाच ताटाला बसून. त्याने खोटे बोलून पाप केले हे खरे, आणि ते त्याने मान्यही केले आहे. पण खरे बोलायचे दार आपण किती अरुंद करून ठेवले होते, हे कोणी तपासायचे?

आमच्यातल्या एकाने इथे हरकत घेतली, आणि ती रास्त आहे. "मग काय, मुलांना काही सांगायचेच नाही? पैसे झाडाला लागतात असे त्यांना वाटू द्यायचे?" नाही. घरात किती आहे, किती उसने घ्यावे लागेल, धाकटीच्या शिक्षणासाठी काय राखून ठेवायचे आहे, हे मुलाला कळलेच पाहिजे. बारावी झालेले मूल सतरा-अठराचे असते. १९८९ पासून या देशात अठराव्या वर्षी मत देता येते. सरकार निवडायला जे मूल पुरेसे मोठे आहे, ते घरचा हिशेब समजायलाही पुरेसे मोठे आहे. मात्र आकडा सांगणे वेगळे आणि उपकार सांगणे वेगळे. आकडा एकदा सांगायचा असतो, प्रवेश घेण्याआधी, कागद-पेन घेऊन, सगळ्यांनी बसून. त्यावर मूल काही म्हणू शकते. "मग मी डिप्लोमा करतो", "मग मी पनवेललाच राहून बी.एस्सी. करते", "मी संध्याकाळी शिकवण्या घेईन." उपकार सांगितला जातो तो प्रवेश झाल्यावर, पुन्हा पुन्हा, बहुधा दुसऱ्याच कशावरून तरी राग आलेला असताना. त्यावर मूल काहीच म्हणू शकत नाही. आपल्या फिटर बांधवाने आम्हाला प्रामाणिकपणे सांगितले, प्रवेशाआधी त्यांनी मुलाला एकही आकडा दाखवला नव्हता. "त्याच्या डोक्याला ताप नको म्हणून," ते म्हणाले. नंतर मात्र रोज ताप दिला.

मराठीत 'पांग फेडणे' असा शब्द आहे. मुलाने आईबापाचे पांग फेडले म्हणजे त्यांचे कष्ट सार्थकी लावले. चांगला शब्द आहे, त्यात कौतुक आहे. पण फेडण्याचा अर्थ परत करणे असाच घेतला तर घोटाळा होतो. आपल्या देशाची जुनी समजूत आहे की माणूस तीन ऋणे घेऊन जन्माला येतो : देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. ही ऋणे फेडायची कशी? ऋषींचे ऋण अध्ययन करून फिटते. पितरांचे ऋण आपण संतती वाढवून फिटते. म्हणजे ज्याने दिले त्याच्या हाती काहीच परत जात नाही! ते पुढच्याला दिले जाते. हा विचार आपल्या धर्मग्रंथातला नाही, पण आपण या मातीत वाढलो आहोत आणि तो आम्हाला शहाणपणाचा वाटतो.

पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय आपल्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. ते रयत शिक्षण संस्थेचे. ती संस्था कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि त्यांना जेवू घालण्यासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. ती मुले त्यांच्या पोटची नव्हती. कोणाकडून वसूल करायचे असे त्यांच्यापुढे कोणी नव्हतेच. त्या मुलांतली कित्येक पुढे रयतच्याच शाळांत शिकवू लागली आणि खेड्यापाड्यांतल्या दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत राहिली. लक्ष्मीबाईंचे पांग फिटले ते असे.

आता गांधींच्या त्या दुसऱ्या गोष्टीकडे येऊ. विलायतेच्या शिक्षणाचा खर्च त्यांच्या थोरल्या भावाने, लक्ष्मीदासांनी उचलला होता. धाकटा भाऊ बॅरिस्टर होऊन आला की घराला बरे दिवस येतील ही त्यांची आशा होती. काही वर्षे दक्षिण आफ्रिकेतून पैसे येतही राहिले. मग एक दिवस गांधींनी कळवले की यापुढे माझी बचत इथल्या समाजाच्या कामी लागेल, माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका. भाऊ फार दुखावले. कुटुंबाला सांभाळणे हे तुझे कर्तव्य आहे, वडिलांनी तेच केले, असे त्यांचे म्हणणे. गांधींचे उत्तर असे, की मीही तेच करीत आहे, फक्त कुटुंब या शब्दाचा अर्थ थोडा मोठा केला आहे. भावाने जवळजवळ बोलणे सोडले. ही ओढाताण पुष्कळ वर्षे चालली आणि समेट झाला तो थोरल्या भावाच्या अखेरच्या दिवसांत. आमच्या मते इथे थोरल्या भावाचे दुःख खोटे नव्हते. ज्याने खर्च केला त्याला काहीच वाटू नये, अशी अपेक्षा करणेही माणुसकीला धरून नाही. पण त्या अपेक्षेने दोघा सख्ख्या भावांची वर्षे खाल्ली.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात या विषयावरचे सर्वांत मोकळे लिखाण आहे ते संत ऑगस्टीनचे. त्याची 'कबुली' आपण पश्चात्तापाचे पुस्तक म्हणून ऐकलेली असते. पण तिचा आरंभीचा भाग शाळेतून उच्च शिक्षणाकडे जाणाऱ्या मुलाचा आहे. इ. स. ३५४ साली उत्तर आफ्रिकेतल्या तागास्ते गावी तो जन्मला. गाव आजच्या अल्जेरियात येते. वडील पॅट्रिशियस मध्यम परिस्थितीचे. मुलगा हुशार, म्हणून त्याला कार्थेजला शिकायला पाठवायचे ठरले, पण पैसे जमेनात. पैसे जमेपर्यंत सोळा वर्षांचा ऑगस्टीन एक वर्ष घरी बसून राहिला. नासपतींच्या झाडावरच्या चोरीची गोष्ट त्याच रिकाम्या वर्षातली. (वर्ष रिकामे गेले की पोरे काय करतात, हे आपल्या रोडपालीच्या तलावाकाठी संध्याकाळी कोणीही पाहून यावे. सगळेच वाईट करतात असे नाही.)

त्या काळाबद्दल ऑगस्टीन जे लिहितो ते प्रत्येक पालकाने वाचावे. सगळे गाव वडिलांची वाहवा करीत होते, की ऐपतीबाहेर जाऊन हा माणूस मुलाला दूर शिकायला पाठवतो आहे. त्याच्याहून श्रीमंत माणसे आपल्या मुलांसाठी इतके करीत नव्हती. पण, ऑगस्टीन म्हणतो, मी कसा माणूस होत आहे याची त्याच वडिलांना फिकीर नव्हती. मी चांगला वक्ता झालो की पुरे. आई मोनिकालाही तो सोडत नाही. तिला त्याची काळजी होती, पण शिक्षणात आणि पुढच्या उत्कर्षात अडथळा येईल म्हणून तिनेही काही गोष्टी पुढे ढकलल्या, असे तो लिहितो. संत झालेल्या मुलाने संत झालेल्या आईविषयी हे लिहिले आहे. त्यात द्वेष नाही. आईवडिलांच्या खर्चाची तो कोठेही थट्टा करीत नाही. पॅट्रिशियस लवकर वारला, पुढे गावच्या एका धनिकाने मदत केली, आईच्या पैशांतून अभ्यास चालला, हे सारे तो नोंदवतो. फक्त खर्च केला म्हणजे सगळे केले, असे तो मानत नाही.

कार्थेजला गेल्यावर काय झाले? नव्या मुलांना छळणारी टोळकी तिथेही होती. ऑगस्टीन त्यांच्यात वावरत होता, त्यांची कृत्ये त्याला आवडत नव्हती, आणि आपण त्यांच्यासारखे धीट नाही याची लाजही वाटत होती. आपल्या राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. रोग सोळाशे वर्षांपूर्वीचा आहे.

पण आमच्या विषयाला लागू पडणारी गोष्ट पुढची. इ. स. ३८३ साली, म्हणजे ऑगस्टीन चांगला तिशीला आलेला, स्वतः शिकवणारा, तो रोमला जायला निघाला. मोनिका बंदरापर्यंत मागोमाग आली आणि सोडीना. एक तर तू परत चल, नाहीतर मला ने. तेव्हा त्याने तिला खोटे सांगितले. एका मित्राला निरोप द्यायचा आहे, वारा सुटेपर्यंत त्याच्याजवळ थांबतो, असे सांगून रात्री जवळच्या संत सिप्रियनच्या प्रार्थनामंदिरात तिला थांबवले आणि तो गलबतावर चढला. सकाळी ती किनाऱ्यावर रडत राहिली. जिच्या अश्रूंचा महिमा आपण दरवर्षी २७ ऑगस्टला गातो, तिच्या मुलालाही निघण्यासाठी खोटे बोलावे लागले. ऑगस्टीनने ते लपवले नाही, त्याची माफीही मागितली.

त्याच्या आधी कधीतरी मोनिका एका बिशपांकडे गेली होती. माझ्या मुलाशी बोला, त्याला समजवा, म्हणून तिने गळ घातली. बिशपांनी नकार दिला. तो सध्या ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू द्या, तुम्ही प्रार्थना करा, असे त्यांचे म्हणणे. मोनिका हट्टाला पेटली तेव्हा ते बिशप थोडे वैतागलेसुद्धा. आम्हाला हे बिशप फार आवडतात. एका हुशार तरुणाला वादात हरवायची संधी त्यांनी सोडून दिली. मोनिका पुढे मिलानला गेली, ३८७ च्या पुनरुत्थान सणाला संत अँब्रोजच्या हातून ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झालेला तिने पाहिला आणि त्याच वर्षी ओस्तियाला तिने देह ठेवला. त्या शेवटच्या महिन्यांत मायलेकांचे जे बोलणे झाले, ते वाचताना वाटते की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघे एकमेकांशी मोकळे बोलत आहेत.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत आपण समजतो त्याहून स्पष्ट आहे. चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखायला सांगते. त्या आज्ञेच्या विवरणात कॅथलिक धर्मशिक्षणाचा अधिकृत ग्रंथ असे सांगतो, की मूल सज्ञान झाले की आपला व्यवसाय आणि जीवनमार्ग निवडणे हा त्याचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे. आईवडिलांचा सल्ला त्याने मनापासून घ्यावा, आणि आईवडिलांनी दडपण आणू नये. हक्काबरोबर कर्तव्य आहे, याकडे तरुणांनी लक्ष द्यावे. "घरच्यांनी सांगितले म्हणून घेतले" असे म्हणून सुटका होत नाही. निवडायचे श्रम टाळून नंतर दोष आईबापावर ढकलणारी मुलेही आम्ही पाहिली आहेत. मान राखणे म्हणजे खरे सांगणेसुद्धा आले, पहिली केटी लागली त्याच आठवड्यात.

मुलींविषयी वेगळे लिहावे लागेल. मुलाला आपण केलेला खर्च ऐकवतो, मुलीला दिलेली परवानगी ऐकवतो. "तुला शिकू दिले" हे वाक्य आम्ही स्वतःच्या घरात वापरले आहे, लिहिताना खाली पाहावे लागते. शिकू दिले म्हणजे काय? ते आपल्या मालकीचे होते काय? २०२४-२५ पासून राज्य सरकारने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील घरांतल्या मुलींना शासनमान्य प्रवेशपद्धतीने घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले आहे. ज्यांना लागू होते त्यांनी कागदपत्रे वेळेत काढावीत. तलाठी कार्यालयात आणि सेतू केंद्रात जूनमध्ये रांगा लागतात. पण फी माफ झाली तरी परवानगीचे कर्ज माफ होत नाही. आमच्या एका भगिनीने सांगितले, तिची मुलगी रात्री आठनंतर लायब्ररीत थांबायचे असले की विचारतच नाही, कारण विचारले की सगळी वही उघडते. ती मुलगी न थांबता घरी येते आणि कमी गुण मिळवते. हेही एक प्रकारचे खोटेच, फक्त त्यात कोणी पकडले जात नाही.

सरकारने आणखी एक गोष्ट केली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. एक वर्ष पुरे करून थांबले तर ठरलेल्या अटींनुसार प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथे वर्ष केले तर ऑनर्स. मिळवलेले श्रेयांक एका राष्ट्रीय खात्यात जमा राहतात आणि पुढे दुसरीकडे वापरता येतात. ही योजना प्रत्यक्षात कशी चालते याबद्दल प्राध्यापक मंडळींच्या तक्रारी आहेत, त्यात आम्ही पडत नाही. पण विद्यापीठासारख्या जाडजूड संस्थेनेही मान्य केले की अठराव्या वर्षीचा निर्णय चुकू शकतो आणि तोवर केलेले वाया गेले असे मानू नये. आपल्या घरांत मात्र एक वर्ष गेले की 'वर्ष फुकट गेले' असे अजून म्हणतात, आणि ते पाहुण्यांसमोर म्हणतात.

आमच्यातल्या एकाचे म्हणणे शेवटपर्यंत वेगळे राहिले, तेही नोंदवतो. ते म्हणतात, "तुम्ही सगळे खूप मऊ झालात. माझ्या बापाने मला रोज ऐकवले म्हणून मी शिकलो. नाहीतर आज हमाली करीत असतो." असेल. ऐकवल्यामुळे शिकलेले पुष्कळ आहेत. आम्ही त्यांना विचारले, "वडील होते तोवर त्यांच्याजवळ बसून तुम्ही कधी मनातले बोललात?" ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आमच्या वेळी तशी पद्धत नव्हती."

त्या फिटर बांधवाच्या मुलाने इंजिनीअरिंग सोडले आहे. आता तो पनवेलला बी.कॉम. करतो आणि दुपारनंतर उरणच्या रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डात हिशेब लिहिण्याचे काम करतो. बांगड्या अजून सुटलेल्या नाहीत. बँकेचा हप्ता सुरू झाला आहे, तो बाप आणि मुलगा निम्मा निम्मा भरतात. किती भरले, किती उरले, हे फ्रिजवर एका कागदावर लिहिलेले असते. वडील म्हणतात, सवय जायला वेळ लागतो, जेवताना अजूनही तोंडातून निघून जाते, "तुझ्यासाठी आम्ही..." तेवढ्यात मुलगा भाकरी मोडत फ्रिजकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "बाबा, त्यात किती लिहू?"